काळ्या बंपरला तेल लावायचं नाही!

इंजिनाबद्दल माणूस मेकॅनिकशी खरं बोलतो. 'वर्षभर ऑइल बदललेलं नाही' हे मान खाली घालून कबूल करतो. पण गाडीच्या दिसण्याबद्दल? कधीच नाही! 'बंपर पांढरा कसा पडला?' असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच असतं, "काल-परवापर्यंत काळाच होता हो!" होटगी रोडवरच्या महमदचाचांच्या गॅरेजात अशी काल-परवाची उत्तरं ऐकत मला दीड वर्ष झालं. किस्से इतके साठलेत की मित्र हल्ली चहाला बोलावतात ते मला नव्हे, किस्स्यांना.

आधी थोडं कामाबद्दल. गाडीच्या बाहेरचं काळं प्लॅस्टिक, म्हणजे बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या पट्ट्या, मिररच्या पाठी, हे सगळं सोलापूरच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत राखेच्या रंगाचं होतं. ते पुन्हा काळं करायचं. चाचांची तीस वर्षांची पद्धत म्हणजे डब्यातलं तेल, कापडाचा बोळा आणि दोन मिनिटं. गाडी काळीकुळकुळीत! पुढच्या धुण्यापर्यंत. माझी पद्धत वेगळी. मी केमिस्ट्रीत बीएस्सी केलंय. आधी घासून सगळा मळ काढायचा, पूर्ण वाळवायचं, मग कोटिंगचे दोन पातळ हात द्यायचे आणि दिवसभर पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. मग दीड-दोन वर्षं बघायला नको. तेल लावणं म्हणजे आजारी माणसाला पावडर फासून लग्नात उभं करणं, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

माझ्या भाषणांना कंटाळून चाचांनी एक दिवस अट घातली. "सुन बीएस्सी, दसरे तक तेरा कोटिंग. तेल बंद. दसऱ्याला गिराईक खुश, तर तेल कायमचं बंद. नाखुश, तर तूबी बोळा हातात घे. नई तो पुणे की गाडी पकड!"

पुण्यात मामांच्या ओळखीची एक केमिकल कंपनी आहे. तिथली खुर्ची माझी वाट बघतेय असं घरचे रोज सांगतात. मला ती खुर्ची नको होती. एक काम, एकाच ठिकाणी, खोटेपणा न करता चालवून दाखवायचं होतं. एवढंच. पण एवढंच म्हणजे किती, हे गिऱ्हाइकांनी मला शिकवलं.

*

पहिलंच गिऱ्हाईक एक निवृत्त तलाठी. वय सत्तरीच्या घरात, टोपीखालून दिसणारे केस मात्र कोळशासारखे. त्यांच्या बंपरला जांभळट-काळे ओघळ होते. मी विचारलं, "काका, हे काय लावलंत?"

"डाय. डोक्याला लावून वाटीत थोडा उरतो. वाया कशाला घालवायचा?"

"आणि टिकतो?"

"पंधरा दिवस. मग खालून पांढरं दिसायला लागतं."

मी त्यांना नीट बसवून समजावलं. केसाचं वेगळं, प्लॅस्टिकचं वेगळं. प्लॅस्टिकला ना वाढ ना मुळं, त्यामुळं डाय धरणारच कसा? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टोपी काढली.

"माझ्याही डोक्यात मुळं कुठं उरलीत? म्हणून आम्ही लावायचं सोडलं का!"

*

मे महिन्यात करकंबचे एक बागायतदार आले. त्यांना मी हीट गन दाखवली. नेमकी ऊब दिली की प्लॅस्टिकच्या आतला तेलकटपणा वर येतो आणि रंग थोडा परततो, पण तो फार दिवस राहत नाही, म्हणून कोटिंग हवंच, असं सगळं सांगितलं. त्यांनी त्यातलं 'ऊब' एवढंच उचललं.

"म्हंजी तापवायचंच हाय न्हवं? मग त्याला मशीन कशाला? ऊन काय इकत घ्यायचंय व्हय सोलापुरात?"

"अहो, उन्हानंच तर पांढरं झालंय ते!"

"काटा काट्यानंच निघतो की!" असं म्हणून गाडी घेऊन गेले.

चौथ्या दिवशी हजर. तीन दिवस गाडी शेताच्या बांधावर भर उन्हात लावली होती आणि कुणी गाडीतला टेप काढून नेऊ नये म्हणून स्वतः शेजारी राखण करत बसले होते. मी विचारलं, "काय झालं?"

"बंपर हाय तसाच हाय. मीच काळा झालो लई!"

*

हा किस्सा सांगितला की कुणाचाच विश्वास बसत नाही, पण माझ्या हाताला दोन दिवस लसणाचा वास येत होता.

एका बँकेतल्या अधिकाऱ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला की पांढऱ्या पडलेल्या प्लॅस्टिकला पीनट बटर चोळलं की ते काळं होतं. घरात पीनट बटर नव्हतं. पण सोलापूरच्या घरात शेंगा चटणी नाही असं कधी झालंय? शेवटी दोन्ही शेंगदाणेच! तेल सुटलेली, लालभडक, लसूण घालून कांडलेली चटणी त्यांनी पुढच्या बंपरला या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळली. व्हिडिओत दहा मिनिटं थांबायला सांगितलं होतं, म्हणून ते घरात जाऊन चहा प्यायले. तेवढ्यात गल्लीतली शेळी आली.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा अर्धा बंपर लाल होता आणि अर्धा चाटूनपुसून लख्ख. मी रागानं लाल व्हायच्या बेतात होतो. व्हिडिओ बघून औषध घेणारा आणि व्हिडिओ बघून चटणी लावणारा एकाच जातकुळीचा, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण चाचा आधीच गुडघ्यावर बसून बंपर निरखत होते.

"साहेब, शेळीनं काम एक नंबर केलंय. बाकीचं अर्धं तिलाच का नाय दिलं?"

साहेब खरोखर हळहळले. "दिलं होतं हो. तिखट लागलं तिला, अर्ध्यात सोडून गेली!"

*

अक्कलकोटचे एक दुकानदार. यांनी घरीच गाडीला पांढरं पॉलिश केलं आणि ते पत्र्याबरोबर काळ्या प्लॅस्टिकवरही फिरवलं. तिथं ते वाळून पांढरे पट्टे उठले. पुढच्या बंपरवर तर बोटांचे तीन आडवे पट्टे, अगदी कपाळावर ओढल्यासारखे. मी ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन पुढे झालो तर ते कानडीत ओरडत धावत आडवे आले.

"इरली, बिडरी! ते राहू द्या, राहू द्या!"

"अहो, पण तुम्ही हे काढायलाच आलात ना?"

"मागचं काढा. पुढचं नको. गाडीला विभूती लागली म्हणून आई खूश आहे. माझ्या ड्रायव्हिंगला घाबरून चार वर्षं बसली नव्हती, काल पहिल्यांदा बसली!"

यावर केमिस्ट्री काय बोलणार? मागचं काढलं, पुढचं राहू दिलं. चाचा त्या दिवशी एवढंच म्हणाले, "बीएस्सी, पावसाळ्यात आई परत उतरणार."

*

जुन्या गाड्या विकणारे एक शेठ आहेत. महिन्याला आठ-दहा गाड्या आमच्याकडे धाडायचे. त्यांना हवं असायचं तेलच. मी नकार दिला. चाचा लांबून बघत होते आणि त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. दसऱ्याला अजून दोन महिने होते आणि माझ्यामुळं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चाललं होतं.

शेठ म्हणाले, "अरे बाबा, तीन दिवस टिकू दे. चौथ्या दिवशी गाडी दुसऱ्याची!"

मग मी सुटलो. तो 'दुसरा' म्हणजे कोण, त्यानं किती वर्षं पैसे साठवले असतील, पहिल्यांदा गाडी धुताना पोरांसमोर काळं पाणी ओघळताना बघून त्याला काय वाटेल, आपल्या देशात सगळं चौथ्या दिवशी उघडं का पडतं, पुलापासून पदवीपर्यंत! दहा मिनिटं बोललो. शेवटी माझाच आवाज भरून आला. शेठच्याही डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काय बोलतोस रे! माझ्याकडे सेल्समन म्हणून येतोस का?"

*

भाऊ आमच्याच भागातले होतकरू पुढारी. पांढरी मोठी गाडी, पांढरे कपडे आणि प्लॅस्टिकही पांढरं पडत चाललेलं. दोन दिवसांनी मोठे साहेब येणार होते आणि भाऊंच्या गाडीतून फिरणार होते.

"फक्त डावी बाजू करा," भाऊ म्हणाले. "साहेब डाव्या दारानं उतरतात. फोटो तिकडूनच निघतो."

मी म्हणालो, "भाऊ, लोकांना एक बाजू दाखवायची आणि दुसरी तशीच ठेवायची, हेच तर आपल्या राजकारणाचं दुखणं आहे!"

भाऊ विचारात पडले. मला वाटलं, लागलं! मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पुढचंबी करा. हार घालताना पुढचं दिसतं."

डावी बाजू आणि पुढचा बंपर, दोन्ही मन लावून केलं. आठ दिवसांनी भाऊ परत आले, चेहरा पडलेला. मला वाटलं आता उजवी करायला आलेत.

"हे परत पांढरं करता येईल का?"

"का?"

"साहेब म्हणाले, निवडणूक जवळ आलीय, गाडी लई नवी दिसती. कार्यकर्ता साधा दिसला पाहिजे."

मी सांगितलं की हे आता दीड-दोन वर्षं जात नाही. भाऊ कपाळावर हात मारून म्हणाले, "तुमच्या कामाची हीच पंचाईत हाय. टिकतंय!"

इतकं चांगलं प्रशस्तिपत्रक मला कॉलेजातही मिळालं नव्हतं. मी विजयानं चाचांकडे पाहिलं. ते म्हणाले, "गिराईक नाखुश. मोजतोय मी."

*

आणि आता बाई.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. घर विणकरांचं, बोलणं घरात तेलुगू आणि बाहेर छापील मराठी. अर्ध्या सोलापूरला यांनी लसावि-मसावि शिकवला असेल. चाचांची मुलगीही त्यांच्याच हाताखालून गेलेली, त्यामुळं चाचा त्यांच्यासमोर उभेच असतात.

दसऱ्याच्या महिनाभर आधी त्या छोटी गाडी घेऊन आल्या. दोन्ही मिररच्या काळ्या पाठी पांढऱ्या पडल्या होत्या. मी कोटिंग सांगायला लागलो, चाचा मध्येच तेल म्हणाले, आणि बाईंसमोरच आमची जुंपली. बाईंनी टाळी वाजवली. दोघेही गप्प!

"वाद कशाला? प्रयोग करा. डावा मिरर याच्या पद्धतीनं, उजवा तुमच्या. महिन्यानं मी निकाल सांगेन."

चाचा लगेच म्हणाले, "बाई बोलतील ते फायनल. बीएस्सी, कबूल?"

कबूल! मला नाचावंसं वाटत होतं. तेल आणि परतीचा पाऊस? निकाल लागलेलाच होता. डावा मिरर मी दोन तास घेऊन केला. उजव्यावर चाचांनी बोळा फिरवला आणि चहाला गेले.

तो महिना मी आभाळाकडे बघून काढला. पाऊस झाला, चांगले चार वेळा धो-धो झाला. प्रत्येक सरीला मी मनात म्हणत होतो, गेलं तेल! मामांचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी त्यांना दसऱ्यानंतर बोलू म्हणालो, तेही जरा तोऱ्यात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाईंची गाडी फाटकातून आत आली. मी डावीकडून पाहिलं. मिरर काळाभोर. उजवीकडे गेलो. तोही काळाभोर! उलट थोडा जास्तच चमकदार.

चाचा कमरेवर हात ठेवून उभे होते, छाती गाडीच्या टपाइतकी वर. "देख! तीस साल का हाथ है!"

"बाई," मी कसंबसं विचारलं, "हा उजवा... पांढरा पडलाच नाही?"

"पडला की. आठव्या दिवशीच पडला. पण एका डोळ्यात काजळ आणि दुसरा कोरा, हे बरं दिसतं का? मग मी रोज सकाळी वेणी घालताना डोक्याला लावते ना, तेच खोबरेल त्यालाही लावायला लागले. छान सवय झाली आता. लावलं की कसं सगळं पिऊन घेतो, बिचारा!"

चाचांचे हात कमरेवरून खाली आले. त्यांनी उजव्या मिररवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि पँटला पुसलं.

"म्हणजे बाई, निकाल..." मी म्हणालो.

"निकालाचं मागाहून बघू. आधी माझी तक्रार ऐक," बाई कडक आवाजात म्हणाल्या. "हा तुझा डावा मिरर बिघडलाय. त्यालाही लावून पाहिलं, तर तेल घेतच नाही! सगळं खाली ओघळतं, माझी साडी खराब झाली. दोन दिवस नाही लावलं तरी याला काही फरक नाही, चार दिवस नाही लावलं तरी नाही. असला कसला मिरर? मला तो उजव्यासारखा नीट करून दे."

मी बोलायला तोंड उघडलं. पुरावे, कारणं, रेणू, सगळं एकदम घशाशी आलं होतं. चाचांनी माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं आणि स्वतः पुढे झाले. बाईंसाठी खुर्ची पुसली.

"बसा बाई. तुमचं बरोबर हाय, डावा बिघडलाय. लई बिघडलाय, आता काय दुरुस्त होत नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बीएस्सी, उजवाबी तसाच बिघडवून दे!"