मुद्दाम केलेली चूक

आमच्या घरात संशय हा गुण समजला जाई. वडिलांचं सोलापुरात चादरींचं दुकान होतं, आणि चादर उलटी करून धागा पाहिल्याशिवाय ते माल घेत नसत. सत्तरच्या दशकात मी मिशनच्या आवारात पियानो शिकायला जाऊ लागले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनाही मी तसंच उलटून पाहू लागले.

बाई म्हणे पूर्वी मुंबईत कार्यक्रम करायच्या. पुरावा एकच, भिंतीवरचा फोटो, आणि त्यात पियानोवर बसलेल्या बाईची नुसती पाठ दिसे. शिकवताना त्या कधी वाजवत नसत. मी वाजवलं तर पोरी नक्कल करतात, असं सांगून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहत. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून पियानोखाली पाण्याचं पातेलं मात्र न चुकता ठेवत.

"लई सांगतीया म्हणं," वडील म्हणाले. "एकदा वाजवून दाखव म्हणावं की."

तेवढं विचारायचं धाडस नव्हतं. मी आडवाटेने गेले. एका धड्यात ठरलेल्या जागी पांढरी पट्टी सोडून शेजारची काळी दाबायची, दर वेळी. तीन आठवडे बाई काही बोलल्या नाहीत. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चोर सापडला! मी घरी सांगितलं, वडिलांनी दुकानात, आणि माझ्यासकट बाईंकडच्या चारही मुलींची शिकवणी महिन्याच्या आत बंद झाली. बाईंना दुसरं काम नव्हतं.

मी तिथे राहिलेली वही आणायला गेले. बाई पियानोवर बसल्या आणि माझा तोच धडा वाजवला, माझ्या चुकीसकट. इतकं सुरेख वाजवणं मी तोवर कधी ऐकलेलं नव्हतं.

"चुकून चुकलं की पुढचा सूर अडखळतो," त्या म्हणाल्या. "तुझा एकदाही अडखळला नाही. तू आपण होऊन सांगशील म्हणून थांबले होते."

मी वही घेऊन पळाले. घरी एक अक्षर बोलले नाही. दिवाळीपूर्वी बाई सोलापूर सोडून गेल्या.

पुढे मी पुण्यात शिकले, कार्यक्रम केले, स्वतः शिकवू लागले. वडील पहिल्या रांगेत बसत आणि नंतर भेटेल त्याला सांगत, त्या ढोंगी बाईच्या तावडीतून वेळेत सुटली म्हणून पोरगी इथवर आली. मी शेजारी उभी राहून हसत असे. त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी हसतच राहिले.