आधी माणसं मोजणाऱ्या मॅडम

आमच्या शेतकरी कंपनीच्या सेक्रेटरी मॅडम बैठकीला आल्या की बसायच्या आधी आम्हा संचालकांना बोटानं मोजायच्या. मगच रजिस्टर उघडायच्या. लिहून झालं की पानावर उरलेल्या कोऱ्या जागेवर पट्टीनं रेघ मारायच्या, मागून कोणी काही घुसडू नये म्हणून. आम्ही पाचही जण गालात हसायचो.

आमची रीत वेगळी होती. अध्यक्षांनी ठरवायचं आणि त्यांच्या माणसानं रजिस्टर मोटारसायकलवर घरोघरी फिरवून सह्या आणायच्या. गोदामासाठी अध्यक्षांच्या मेहुण्याची जागा घ्यायचा ठरावही असाच फिरला. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभ्या उभ्याच सही केली.

पुढच्या बैठकीत मॅडमनी ते पान माझ्यासमोर धरलं. "भाऊ, त्या दिवशी तुम्ही हजर होते?"

"नाही जी. दुसरबीडले लग्नात होतो."

"मग ही सही?"

"माहीच हाय."

आणखी दोघांनी माना खाली घातल्या; तेही त्या दिवशी नव्हते.

"तिघं बसल्याशिवाय बैठक होत नाही. झाली नाही, असंच लिहीन."

अध्यक्ष भडकले. "काऊन अडून राह्यल्या बाई? आम्हाले दुसरा सेक्रेटरी भेटते."

"पाहा," म्हणत त्यांनी लिहिलं, खाली रेघ मारली आणि त्या गेल्या. त्यांना थांबवायला कोणी उठलं नाही. मीही नाही.

आठवड्यानं मोटारसायकल पुन्हा माझ्या धुऱ्यावर आली. रजिस्टर नवं होतं, ठराव तोच. मी पेन उघडलं आणि नकळत संचालक मोजले.

मी एकटाच होतो.