नवसाचे पेढे आणि व्हिसाचा बॅलन्स

चहा ओतते, पण बरोबर पेढे मागू नका हं! पेढा दिसला की मला आजही बँकेचा काउंटर आठवतो.

झालं असं, की हे इथे आखातात रिटायर झाले. बँकेत ठरावीक रक्कम दाखवून यांचा व्हिसा झाला. यांची बायको म्हणून माझ्या व्हिसाची मुदतवाढ तेवढी राहिली होती. त्यासाठी तेवढीच रक्कम पुन्हा नव्या स्टेटमेंटवर दिसायला हवी. आकडा विचारू नका, नजर लागते.

आमच्या सायलीची बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर. मला पुण्याला परत पाठवलं तर तिला जेवायला कोण घालणार? यांना कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजता येत नाहीत!

यांनी एफडी मोडली, घरखर्चाचं खातं बंद केलं आणि सगळा पैसा एकाच खात्यात ओतला. हव्या त्या आकड्याच्या वर फक्त एकशे बारा दिरहम उरले.

"आता या पैशाला कुणी हात लावायचा नाही," यांनी बजावलं.

"मी कशाला लावू?" मी म्हटलं.

मी गणपतीला नवस बोलले होते. रक्कम भरू दे, पाच किलो पेढे वाटीन. आणि नवस काय उधार ठेवायचा असतो? त्याच संध्याकाळी अल मजाजच्या मिठाईवाल्याकडे गेले, नीट डबे मोजून घेतले आणि फोन मशीनला लावला. टिंग! बिलाकडे बघतंय कोण? रात्रीच बिल्डिंगभर पेढे वाटले, उरलेले डबे पिशवीत ठेवले.

सकाळी अर्ज भरायला टायपिंग सेंटरला गेलो. तिथल्या बशीरभाईंना आधी पेढा दिला. त्यांनी तो चघळत स्टेटमेंट वाचलं.

"भाभीजी, पेढा बहुत अच्छा है. लेकिन बॅलन्स कम है. एकसौ अडतालीस दिरहम."

"म्हणजे साडेतीन हजार रुपये!" हे ओरडले. स्टेटमेंटची शेवटची ओळ पाहिली. कुठल्याशा जनरल ट्रेडिंग कंपनीला दोनशे साठ दिरहम गेलेले!

"ही कंपनी कोण?"

"मी तर नावही ऐकलं नाही! गणपतीची शपथ!"

"फ्रॉड आहे हा! चल बँकेत. यल्ला!"

टॅक्सीतून सायलीला फोन लावला. ती म्हणाली, "मम्मा, डिड यू क्लिक ऑन समथिंग?"

"मी? अगं, मी गुड मॉर्निंगचा मेसेजसुद्धा तुला विचारून पुढे पाठवते!"

मग मी हात जोडले आणि मोठ्यांदा म्हटलं, "बाप्पा, हा चोर सापडू दे. आणखी पाच किलो पेढे वाटीन!"

बँकेत हे काउंटरवर हात आपटून बोलायला लागले. समोर बिचारी पोरसवदा मुलगी. मला तिची दया आली. पिशवीतला एक डबा तिच्यापुढे सरकवला. "ले बेटा, बुरा मत मान."

तिने तारीख बघायला डबा उलटा केला. मग स्क्रीनकडे पाहिलं. पुन्हा डब्याकडे. मग माझ्याकडे.

"आंटी, ये मिठाई किसने खरीदी?"

"मैंने!" मी अभिमानाने म्हटलं.

तिने डब्याच्या तळाचं लेबल दाखवलं. दुकानाच्या पाटीवर एक नाव होतं, पण लेबलवर मालकाच्या कंपनीचं. तीच ट्रेडिंग कंपनी! घरखर्चाचं खातं बंद झाल्यावर माझ्या फोनला यांनी कुठलं कार्ड जोडलं, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

यांनी लेबल दोनदा वाचलं आणि मान माझ्याकडे वळवली.

"ज्या बॅलन्ससाठी नवस बोललीस, तोच बॅलन्स बिल्डिंगभर वाटून आलीस?"

मी मुकाट्याने पर्समधले भाजीचे दीडशे दिरहम काढून खात्यात भरले. नवं स्टेटमेंट मिळालं, आणि आठवड्यात व्हिसाही आला.

पण टॅक्सीतला नवस? तो फेडायलाच हवा होता. या वेळी रोख पैसे देऊन पेढे आणले. हेही बरोबर आले, बहुधा पहाऱ्याला.

शेजारच्या कुलकर्णीवहिनींनी विचारलं, "अय्या, परत पेढे? आता कशाचे?"

"चोर सापडला!" मी म्हटलं.

"हो? कोण होता मेला?"

मी डबा पुढे केला. मागून यांचा आवाज आला, "वहिनी, पेढे कोण वाटतंय, बघा ना!"