घसा धरल्याचं निमित्त

पुष्पा निमगाव सावाला नांदायला आली तेव्हा सासऱ्यांनी मेंढरं विकून विहीर पाडली होती. दाराशी दोन म्हशी होत्या, रानात कांदा आणि गवार. पुष्पा या घरात लवकर रुळली. पहाटे धारा, मग भाकरी, मग रान. सासू तुकाबाई करड्या स्वभावाची, पण तिचा शब्द पुष्पानं कधी खाली पडू दिला नाही. बाई कामाची आहे, एवढंच गाव तिच्याबद्दल बोले. त्यापलीकडे आपल्याविषयी कुणी काही बोलू नये, आपल्याकडे निरखून बघू नये, अशी तिचीही इच्छा असे.

त्याला कारण होतं. लेकीच्या, प्रांजलच्या जन्मानंतर वर्ष-दीड वर्षात तिच्या हनुवटीखाली दोन-तीन राठ केस आले. तिनं ते चिमट्यानं उपटले. ते परत आले आणि येताना आणखी घेऊन आले. हळूहळू जबड्याच्या कडेनंही काळी रेघ दिसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी अंगातल्या कसल्याशा बिघाडाचं नाव सांगून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी वजन वाढलं, केस तसेच राहिले.

तिच्या माहेरी, पेठला, धोंडाबाई नावाची एक म्हातारी होती. तिच्या हनुवटीवर पांढरे केस होते. लग्नाच्या मांडवात पोरं तिच्यामागं उभी राहून दाढी कुरवाळल्याची नक्कल करायची. त्या पोरांत पुष्पाही असायची. त्यामुळं गाव अशा बाईला कसं बघतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग तिनं आळेफाट्याला यशोधराचं पार्लर शोधून काढलं. स्टँडमागच्या गाळ्यांत, वरच्या मजल्यावर. ब्लाउज शिवायला टाकायचाय, प्रांजलला वह्या आणायच्यात, असं काहीबाही सांगून ती दर पंधरवड्याला जाऊन यायची. यशोधरा समजूतदार बाई होती. दुसरं गिऱ्हाईक बसलेलं असलं तर पुष्पा नुसतं "भुवया करायच्यात" म्हणायची आणि यशोधरा काही न विचारता तिला पडद्याआड घ्यायची. हनुवटीवर दोरा फिरत असताना ती आपल्या कुंडीतल्या गुलाबाबद्दल बोलत राही. पुष्पाला त्या बोलण्याचा मोठा आधार वाटे. घरी यातलं कुणालाही ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही, गोरक्षलाही नाही.

अशी बरीच वर्षं निघाली. मग मार्च महिन्यात कोरोनाची टाळेबंदी लागली आणि सगळं बंद झालं.

पुष्पानं यशोधराला फोन केला. दुकान उघडलं तर पोलीस येतील, आणि घरी बोलवावं तर घरात आजारी सासरे आहेत, असं यशोधरानं अवघडून सांगितलं. ब्लेड लावू नका, दोऱ्यानं जमतंय का बघा, म्हणून तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. पुष्पानं तो गोठ्यात आवाज बंद करून पाहिला. दोऱ्याचं एक टोक दातांत धरून तिनं खटपट केली, पण केसाऐवजी कातडी सापडायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी गोरक्ष रानात गेला की ती त्याचं रेझर वापरू लागली.

गावात त्या दिवसांत सगळ्यांच्याच डोक्यांची दशा झाली होती. न्हाव्याचं दुकान बंद. बाप्यांच्या माना केसांखाली गेल्या होत्या. गोरक्षचे केस प्रांजलनं शिवणाच्या कात्रीनं कापले. मागून अशा पायऱ्या पडल्या की तुकाबाईही पदर तोंडाला लावून हसली. गोरक्षनं टोपी घातली आणि तोही हसला. ज्याला त्याला एकमेकांच्या डोक्याची गंमत वाटत होती. पुष्पा त्या हसण्यात सामील झाली खरी, पण हसताना तिचा हात नकळत हनुवटीवर गेला. तिथं सकाळचं ब्लेड संध्याकाळपर्यंतही टिकत नव्हतं. एकदा गोरक्षनं दाढी करता करता, हे ब्लेड इतक्या लवकर बोथट कसं झालं, असं आपल्याशीच म्हटलं. ती चुलीपुढं बसून ऐकत राहिली. रात्री त्याचा हात गालाकडं आला की ती कूस बदलायची.

मे महिन्यात एके दुपारी घरात कुणी नसताना तिनं साखर आणि लिंबाचा पाक केला. पार्लरमध्ये हातापायांना लावतात तसा. तो नीट निवण्याआधीच तिनं हनुवटीला लावला आणि ओढला. केस थोडे निघाले, कातडी मात्र सोलून निघाली. दुसऱ्या दिवशी तिथं रुपयाएवढी काळी खपली धरली. आता ब्लेडही लावता येईना. खपलीच्या भोवतीनं केस वाढायला लागले.

तेव्हा तिनं मास्क लावला. बाहेर तर सगळेच लावत होते, आणि खरं सांगायचं तर पहिल्या काही दिवसांत त्या मास्कनं तिला सुखच दिलं होतं. कधी नव्हे ते ती दुकानाच्या दारात मान वर करून उभी राहिली होती. पण घरात मास्क कशाला, असं तुकाबाईनं विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "घसा धरलाय माझा. तुमी म्हातारं माणूस, उगं तुमाला काय व्हाया नको."

बोलली आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या एका वाक्यानं सगळंच सोपं झालं. तिचं अंथरूण पडवीत गेलं. ताट वेगळं झालं. तिच्या तोंडाकडं कुणी बघेना.

तुकाबाईनं काळजीपोटी ही गोष्ट शेजारच्या साळुबाईला सांगितली. साळुबाईकडून ती गावभर झाली. सरकारी दवाखान्याची आशाताई लांब उभी राहून ताप बघून गेली. ताप नव्हता, तरी वेगळं राहा म्हणाली. त्याच संध्याकाळी वस्तीकडं येणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या. दूध घेणारा सयाजी गोरक्षचा शाळेतला सोबती. तो म्हणाला, "राव, माझ्या हातात न्हाई. तुझं दूध कॅनमध्ये वतलं तर बाकीचे उद्या येणार न्हाईत." गोरक्ष भरली किटली घेऊन परत आला. काही दूध रेडकांना पाजलं, काहीचं दही लावलं. पुढं पुढं तो ते बांधाच्या कडेला ओतून यायला लागला. ओतताना तो घराकडं पाठ करून उभा राहायचा. पुष्पा पडवीतून बघायची. आता सांगावं, असं तिला रोज वाटे. मास्क खाली करावा आणि सांगावं. पण दूध परत आल्यानंतर सांगणं आधीपेक्षा अवघड झालं होतं. एवढ्याशा केसांपायी घरादाराला वाळीत टाकायला लावलंस, असं ते म्हणतील, आणि ते खरंच असेल. खपली पडेपर्यंत थांबू, मग घसा बरा झाला म्हणू, असं ती मनाशी ठरवायची.

खपली पडायच्या आत कुशाबाई गेली.

कुशाबाई म्हणजे तुकाबाईची धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. कुशाबाई ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहायची. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. तुकाबाई एक दिवसाआड जाऊन तिचं डोकं विंचरून यायची, वेणी घालायची. कारण सुनांच्या हातची वेणी कुशाबाईला घट्ट वाटायची. पुष्पानं घसा धरल्याचं सांगितल्यापासून मात्र ती गेली नव्हती.

निरोप फोनवर आला. तुकाबाईनं लुगडं बदललं आणि निघाली. बाभळीच्या फांद्यांपाशी दोघं-तिघं उभे होते. त्यांनी हात जोडले. तिकडं लहान पोरं आहेत, माती थोड्या माणसांत उरकायचीय, तुमी येऊ नका. कुशाबाईच्या मुलानंही फोनवर तेच सांगितलं. मावशी, राग मानू नका, म्हणाला. तुकाबाईनं वाद घातला नाही. ती माघारी वळली आणि घराच्या मागच्या उंच बांधावर जाऊन बसली. तिथून ओढ्याकाठचं मसणवट दिसतं. धूर दिसायला लागला तशी ती उठून उभी राहिली आणि धूर विरळ होईपर्यंत उभीच होती.

पुष्पा परसात उभी होती. सासूची पाठ तिला दिसत होती. धूर दिसेपर्यंत वेळ गेलेली नव्हती. निरोप आला तेव्हा, लुगडं बदलताना, फांद्यांपाशी, केव्हाही तिनं तोंड उघडलं असतं तर तुकाबाईला बहिणीचं तोंड बघता आलं असतं. तिनं मास्कच्या दोरीला हातही लावला होता. मग तिच्या डोळ्यांपुढं त्या फांद्यांपाशी उभे असलेले बाप्ये आले, त्यांच्यासमोर उघडी पडलेली आपली हनुवटी आली, आणि हात खाली आला. हे तिनं नंतर स्वतःपासून कधी लपवलं नाही. तिला कळत होतं आणि कळत असूनही ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी गावानं तपासणीचा आग्रह धरला आणि गाडी आली. गोरक्ष, प्रांजल आणि पुष्पा, तिघांनाही नेलं; तुकाबाई म्हशींपाशी घरी राहिली. एका वसतिगृहात रांगा लावलेल्या होत्या. पुष्पा मास्कची दोरी धरून उभी राहिली. तिला आजाराची भीती नव्हतीच. आता मास्क काढावा लागेल, एवढंच डोक्यात होतं. पांढऱ्या पोशाखात नखशिखांत झाकलेला माणूस समोर आला. मास्क खाली करा म्हणाला. तिनं डोळे मिटून मास्क ओढला. त्यानं तिच्या नाकात काडी घातली, फिरवली, बाहेर काढली आणि म्हणाला, "पुढचे."

बस. त्यानं हनुवटीकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. पुष्पा बाहेर झाडाखाली येऊन बसली आणि तिला रडू फुटलं. प्रांजलला वाटलं, काडी टोचली असेल. तिनं आईला पाणी आणून दिलं.

तपासणीत काही निघालं नाही. फांद्या बाजूला झाल्या. सयाजी स्वतः घरी येऊन, उद्यापासून दूध घेऊन ये, असं गोरक्षला सांगून गेला. कुशाबाईच्या दहाव्याला जायला तुकाबाई मोकळी झाली. ती निघायच्या बेतात असताना पुष्पानं तिला गोठ्याशी गाठलं आणि मास्क काढून हातात घेतला.

"आत्या, माझा घसा धरलाच नव्हता."

तुकाबाई जवळ आली. मेंढराचं तोंड तपासावं तशी तिनं पुष्पाची हनुवटी बोटांत धरली आणि उजेडाकडं वळवली.

"भाजलंय?"

"व्हय. केस काढाया गेले, तवा. लई वर्सं येत्यात मला. फाट्याला जाऊन काढून आणत व्हते."

"आन् एवढ्यासाठी तोंड बांधलंस?"

पुष्पानं मान हलवली. तुकाबाईनं हनुवटी सोडली नाही. मग तिनं विचारलं, "कुशी गेली त्या दिशी बी असंच व्हतं?"

"व्हय."

तुकाबाईनं हात काढून घेतला. ती रागावली नाही, आवाजही चढवला नाही. "मला न्हाई गं बघाया मिळालं तिला," एवढंच म्हणाली आणि चपला घालून निघाली. पुष्पाला शिव्या चालल्या असत्या. केस धरून ओढलं असतं तरी चाललं असतं. ती गोठ्यात खाली बसली आणि म्हैस रेकून रेकून दाव्याला ओढ घेत असूनही तिला उठायचं सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी तिनं गोरक्षलाही सांगितलं. त्याला आधी ब्लेड आठवलं. "म्हंजी माझं ब्लेड..." म्हणून तो हसायला गेला, तोच तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबला. मग म्हणाला, "सांगायचं व्हतंस. दूध वतत व्हतो मी रोज." तो जेवला नाही. पुढचे काही दिवस कामापुरतंच बोलला. मग हळूहळू बोलायला लागला.

दहाव्याला बायकांनी तुकाबाईला विचारलं होतं, सुनेला नक्की काय झालं होतं म्हणून. तुकाबाईनं सांगितलं, उष्णतेनं तोंड आलं होतं, पोर घाबरली आणि आम्हीही घाबरलो. हे पुष्पाला साळुबाईकडून कळलं. साळुबाई म्हणाली, तुझी सासू लई जपते तुला. पुष्पानं तिच्या हातावर चहाचा कप ठेवला आणि आत निघून गेली. जिनं बहिणीचं शेवटचं तोंड पाहिलं नाही, तीच आपल्यासाठी खोटं बोलून आली, हे तिला कुठं ठेवावं कळेना.

जूनच्या शेवटी पार्लरं उघडली. गोरक्षनं तिला मोटरसायकलवरून फाट्याला नेलं आणि तिचं आवरेपर्यंत खाली चहाच्या टपरीवर बसून राहिला. यशोधरा तोंडासमोर प्लास्टिकची काच लावून काम करत होती. हनुवटीवरचा डाग बघून तिनं विचारलं, काय झालं. पुष्पानं सांगितलं, पाकानं भाजलं. बाकीचं सांगायला तिची जीभ रेटली नाही. यशोधरानं डाग सांभाळत दोरा फिरवला. डाग पुढं फिका झाला, गेला मात्र नाही.

आता पुष्पा पडद्याआड बसत नाही. दुसरं गिऱ्हाईक असलं तरी हनुवटी करायचीय असं सरळ सांगते. तेवढं तिला जमलं. प्रांजललाही सगळं माहीत आहे. पण तुकाबाईनं त्या दिवसानंतर कुशाबाईचं नाव पुष्पापुढं काढलेलं नाही. सासू-सुनेची भांडणं होतात, मीठ-मिरचीवरून, पाण्यावरून, प्रांजलच्या फोनवरून. तुकाबाई तोंडानं फटकळ. जुनं-पुराणं सगळं उकरून काढते, पुष्पाच्या माहेरापर्यंत जाते. प्रत्येक भांडणात पुष्पा वाट बघते, आता ती ते बोलेल. एकदा तरी तिनं ते तोंडावर फेकावं, असं तिला फार वाटतं. तुकाबाई तिथपर्यंत येते, थांबते, आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून जाते.