भोपळ्याने पास केलेलं जाकीट

"ह्यात माणूस घालतोस का मटण शिजवतोस रं?" मामा गरजत होता. अलिबागच्या जाकीटवाल्या शेठची मान म्हशीच्या कातड्याच्या जाकिटाच्या बाहीत आवळली गेली होती आणि बाहीची दोन्ही टोकं मामाच्या मुठीत. शेठचे डोळे खेकड्यासारखे बाहेर! मी मामाच्या दंडाला लोंबकळत होतो. म्हणजे माडालाच म्हणा ना, फक्त माड लाथा घालत नाही.

हा माझा सख्खा मामा. धंदा ट्रकचा, जीव फटफटीवर, म्हणून गावभर फटफटीमामा. लोकांचा राग नाकावर असतो, ह्याचा मुठीत. रेवसच्या धक्क्यावर एकाच्या कानफटात त्याने अशी दिली, की तो गडी बोटीचं तिकीट न काढता पार मुंबईत भाऊच्या धक्क्याला पोचला. "मारामारीला कारण शोधू नये, वेळ जातो," असं मामाचं म्हणणं.

भ्यायचा तो फक्त मामीला. उन्हाळ्यात बनियनवर फटफटी हाकायची खोड. एकदा काशीदच्या वळणावर घसरला आणि पाठीची साल डांबराला देऊन आला. मामी चिमट्याने खडी उपसत होती, तेव्हा ह्याने खाटेचा खूर चावून तोडला. शेवटचा खडा काढून मामी म्हणाली, "चामड्याचं जाकीट घातल्याबिगर किक मारलीस, तं दुसरी किक माझी."

झालं! म्हशीचं जाडजूड जाकीट आलं. पण मे महिना आपल्याकडचा. मामाच्या घामावर एक मिठागर सहज चाललं असतं. चक्कर येऊन तो दोनदा आडवा झाला आणि मग तो बाहीचा प्रकार घडला.

सुटका झाल्यावर शेठने मेंढीचं आणि बकरीचं कातडं पुढे टाकलं. मामाचा तोंडी शब्दावर विश्वास नव्हता. त्याने तीन लाल भोपळे आणले, एकेक एकेका कातड्यात बांधला, फटफटीला दोर लावला आणि भर दुपारी काशीदच्या उतारावरून फरफटत नेले. मेंढीचं मऊसूत कातडं पहिल्याच वळणावर फाटलं, भोपळ्याच्या बिया पार मुरूडपर्यंत. म्हशीच्या कातड्यातला भोपळा शाबूत होता, पण आतल्या आत शिजलेला. मीठ लावून आम्ही तिथेच खाल्ला. बकरीच्या कातड्यातल्याला फक्त ओरखडा. मग बकरीचंच शिवलं. पातळ, बिनअस्तराचं, काखेत आणि छातीवर बारीक भोकं पाडून. "वारा आत, रस्ता बाहेर!" मामाने शेठला अशी मिठी मारली, की तो बिचारा पुन्हा निळा पडला.

पुढच्याच मे महिन्यात मुरूडला हळद होती. मामी मागे बसलेली. काशीदच्या त्याच वळणावर पर्यटकांची एक गाडी आडवी घुसली. लोकांनी चालकाला खेचून तुडवलं. मामा हजर असून ज्यात नव्हता, अशी ती पहिलीच मारामारी.

मामीच्या फक्त बांगड्या फुटल्या. जाकिटाची चाळण झाली होती, कारण जाकीट मामीच्या अंगात होतं. मामा सदऱ्यावर होता. रस्त्याने ह्या वेळी सालीवर भागवलं नाही, हाडापर्यंत गेला.

दवाखान्यात तो पालथा पडला होता. तिथून तो पुढे उठलाच नाही. त्या दिवशी मात्र शुद्धीत होता, आणि ओरडत होतो मी. "एवढं भोपळे फोडून घेतलेलं जाकीट! ऊन असं, की डांबर वितळतंय! आणि तिला कशाला घातलंस?"

उशीत तोंड ठेवूनच मामा म्हणाला, "तिला थंडी वाजत व्हती."