बनूआत्याचं धोंडस आणि उशिरा येणारा देव

या हो, असे पुढे सरकून बसा. कीर्तनात पार मागे बसलेल्याला नुसता तबला ऐकू येतो, आणि ही गोष्ट तबल्याची नाही, हळू आवाजाची आहे. एका धोंडसाची, एका घाबरलेल्या सुनेची आणि एका गेलेल्या बाईची. शेवटपर्यंत बसलात तर रिकाम्या हाताने उठणार नाही, एवढं कबूल.

धोंडस ज्यांनी खाल्लं नसेल त्यांना आधी सांगायला हवं. बरक्या, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांच्या, फणसाचा रस, तुपावर भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि नारळाचं दूध. हे सगळं केळीचं पान घातलेल्या पातेल्यात ओतायचं, पातेलं चुलीतल्या मंद विस्तवावर ठेवायचं, वर लोखंडी झाकण आणि त्या झाकणावर करवंट्यांचे निखारे. खालून आग, वरून आग, आणि मध्ये बिचारा फणस. जमलं तर सुरीने वड्या पडतात, नाही जमलं तर खळ.

खाडीकाठच्या त्या घरी वैशाखात कुलदेवाची समाराधना असते. पांगलेलं सगळं गोत त्या दिवशी एकत्र जमतं आणि आदल्या संध्याकाळी धोंडस होतं. ते करायची बनूआत्या, म्हणजे या घरच्या सुनेच्या, प्रमिलाच्या, सासऱ्यांची बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि त्या चुलीची होऊन राहिली. कीर्तनाचं तिला वेड. पंचक्रोशीत कुठे बुवा उभे राहिले की बनूआत्या कंदील घेऊन निघालीच. धोंडसाला ती कधी घड्याळ लावत नसे. झाकणावर निखारे ठेवले की ती गावच्या जुन्या बुवांनी रचलेलं आंधळ्या म्हातारीचं आख्यान गायला बसायची. आख्यान संपलं की झाकण काढायचं. ना करपायचं, ना कच्चं राहायचं.

गेल्या पावसाळ्यात बनूआत्या गेली. यंदाचं धोंडस प्रमिलावर आलं.

त्यातच शरयूवन्संचा, म्हणजे तिच्या थोरल्या नणंदेचा, फोन आला. "हे बघ प्रमिला, जमलं तर कर. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून आपण रत्नागिरीला हॉलच घेऊ. पंखे आहेत, केटरर आहे, शिरा करतील. धोंडसासाठीच तर सगळे एवढ्या आडगावात येतो. तेच नसेल तर कशाला?" बोलणं सरळ होतं, वाईट हेतू नव्हता, म्हणूनच ते प्रमिलाच्या काळजाला जास्त लागलं. म्हणजे घर उघडं राहणार की देवासकट कुलूप लागणार, हे आता एका पातेल्यावर आलं.

तिने सरावाला आधी एकदा करून पाहिलं. आख्यानाची सगळी पदं तिला पाठ. सुरात गायली, झाकण काढलं, आणि मध्ये चिखल. पुन्हा केलं, निखारे वाढवले. वरून कोळसा, मध्ये चिखलच. दोन्ही धोंडसं गाईच्या गोठ्यात गेली. आज खरं करायचं. पाहुणे दिवेलागणीपर्यंत पोचणार, त्याआधी गुपचूप उरकावं म्हणून तिने स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी घातली, रस कालवून मुरायला ठेवला, आणि घटकाभर पाठ टेकू म्हणून चुलीजवळच्या गार जमिनीवर आडवी झाली.

डोळा लागतोय न लागतोय. बाहेर कुठेतरी सुतार पक्षी ठोकतोय. ते ठोकणं हळूहळू चिपळ्यांसारखं होत जातं.

चुलीपुढे बनूआत्या बसली आहे. चष्म्याच्या काडीला दोरा, पुढ्यात फुंकणी, आणि निखाऱ्यांशी भांडण चालू. "मेल्यांनो, राख कसली पांघरताय, कामाला लागा."

"आत्या, तुम्ही कधी आलात?"

"मला यायला काय आता एस्टी लागते?"

प्रमिला हसत नाही. तिला ठाऊक आहे की आत्या गेली आहे, आणि हेही ठाऊक आहे की तसं म्हटलं तर ती उठून जाईल. म्हणून ती जीभ दातांखाली धरते आणि म्हणते, "चहा टाकू?"

"नको गो. तोंडाला चव आहे, पण प्यायलेलं जातं कुठे ते कळत नाही." आत्या झाकण सरळ करते. "म्हण आख्यान. मी ऐकते."

प्रमिला गाऊ लागते. खाडीच्या काठी आंधळी म्हातारी राहते. आज जेवायला येतो, असा देवाने तिला निरोप धाडला आहे. तिने भात केला, आमटी केली, विस्तवावर झाकून ठेवली. दुसरं पद. तिसरं. पायाखालची जमीन गुळगुळीत होते. ती देवळाच्या सभामंडपात उभी आहे, बुवांच्या जागी. समोर सगळं गोत बसलं आहे, पण सगळ्यांची पाठ तिच्याकडे. एकट्या शरयूवन्सं तोंड करून बसल्या आहेत, पदराने वारा घेत.

"हॉलला पंखे आहेत, प्रमिला."

"हो, वन्सं. झालंच. आलंच."

वर पाहते तर मंडपाचं छत लोखंडाचं आहे आणि मधोमध लाल होत चाललं आहे. वर कुणीतरी निखारे पसरतंय, त्यांचा करकर आवाज येतोय. भिंतींना केळीचं पान आहे. मंडप नव्हेच हा. ती पातेल्याच्या आत उभी आहे. ती भराभर गाते, शब्दांवर शब्द पडतात. म्हातारी दाराशी गेली, म्हातारी परत आली, देवाने हाक मारली, देव जेवला, संपलं. टाळी नाही. तिच्या पायाखाली मऊ, ओलं, चिकट. पाऊल उचलत नाही.

"धावतेस कुठे?" मागून, खांबाआडून बनूआत्याचा आवाज. "म्हातारी दाराशी गेली, तर तिला चाहूल घेऊ तरी दे."

"पदं सगळी म्हटली हो, आत्या. एकही गाळलं नाही."

"पदं म्हटलीस. कीर्तन कुठे केलंस?"

आता त्या दोघी खाडी ओलांडायच्या होडीत, तरीत बसल्या आहेत. पातेलं प्रमिलाच्या मांडीवर, गरम, आणि ते खाली ठेवायला होडीत जागा नाही. पाण्याला ओहोटी लागली आहे. पलीकडच्या धक्क्यावर माणसं दिसतात, सामानसुमान घेऊन उभी, आणि एकेक करून पाठ फिरवून निघतात.

"आत्या, ती माणसं चालली."

"माझ्याकडे बघ. म्हातारी दाराशी गेली की मी काय करायचे?"

"थांबायचात. खोकायचात."

"खोकला म्हातारपणाचा. त्याआधी?"

प्रमिला आठवू पाहते. पातेल्याचा चटका मांडीला बसतोय. मग तिला दिसतं: हीच चूल, भोवती बसलेलं घर, पाटावर पाय पोटाशी घेऊन बसलेली पोरं, कोपऱ्यात नवी नवरी म्हणून आलेली ती स्वतः. बनूआत्या गाता गाता थांबते, चष्मा वर करते आणि एकेकाकडे बघून विचारते, "सांगा बघू, देवाला उशीर का झाला? कुठे अडकला असेल?" मग जो तो सांगतो. कुणाचा देव चिखलात रुततो, कुणाच्या देवाला कुत्रं अडवतं. अच्युत, प्रमिलाचा नवरा, म्हणतो की देव वाटेत आंबे पाडत बसला. सगळे हसतात. मग आत्या नव्या नवरीकडे वळते. प्रमिला खाली मान घालून पुटपुटते, "त्यांची खाडीवरची तर चुकली असेल." आणि आत्या म्हणते, "बरोबर. आणि आता दुसरी तर कधी सुटेल म्हणून तो काठावर तुझ्यासारखाच घाबरून उभा असेल." त्या दिवशी त्या घरात प्रमिला पहिल्यांदा हसली होती.

"तुम्ही विचारायचात," ती म्हणते.

"आणि उत्तर येईपर्यंत?"

"थांबायचात."

"मग तू कुणाला विचारलंस? कडी घालून, एकटी, भिंतींना?" आत्या पातेल्यावर हात ठेवते आणि चटका कमी होतो. "त्या थांबण्यात ते शिजतं गो. पदांत नुसतं तापतं."

"मला गाता येतं, आत्या. बोलता येत नाही. मी विचारीन आणि वन्सं हसतील."

"हसू देत की! हसायला वेळ लागतो ना? धोंडसाला तेवढाच हवा असतो."

"आणि तरी नाही जमलं तर? घराला कुलूप लागलं तर?"

आत्या चष्म्यातून नुसती बघते. तिच्या डोळ्यांत धीर आहे, पण वचन नाही, आणि हेच प्रमिलाला सगळ्यात जड जातं. होडी काठाला लागते. आत्या उतरत नाही, प्रमिलालाच उतरायचं आहे. ती उठते, तोल जातो, आणि आत्या तिचं डावं मनगट घट्ट धरते. इतकं घट्ट की बांगडी रुतते.

"अगो, दार उघड आधी! माणसं खोळंबलीत."

धडधड. धडधड. कडी वाजतेय.

"प्रमिला! अगो, दार उघड! कडी लावून काय चाललंय आत?"

ती उठून बसते. रस मुरला आहे, चूल धुमसते आहे, आणि बाहेर शरयूवन्सं वेळेआधीच येऊन ठेपल्या आहेत. मागे मुलं, जावई, बॅगा. घाईत पदर सारखा करून ती कडी काढते.

"झालं का धोंडस?" वन्सं उंबऱ्यातूनच विचारतात.

"नाही झालं."

"म्हणजे?"

"तुम्ही नव्हता ना, म्हणून." ती पाट मांडते. "बसा, वन्सं. चहा मागाहून. मुलांनाही बोलवा. मला मदत हवी आहे."

वन्सं कपाळाला आठ्या घालून बसतात. पातेलं चुलीवर जातं, झाकण बसतं, निखारे ठेवले जातात. प्रमिला गाते. म्हातारी दाराशी येते, आणि प्रमिला थांबते.

"वन्सं," ती म्हणते, "देवाला उशीर का झाला असेल हो?"

निखारा तडतडतो. वन्सं तिच्याकडे बघतात, मग चुलीकडे. हसू येतं येतं म्हणताना त्यांचा चेहरा भलतीकडेच जातो.

"आत्या मला विचारायची ना," त्या बऱ्याच वेळाने म्हणतात, "तेव्हा मी दर वर्षी एकच सांगायचे. देवाची आई त्याला सोडत नसेल." त्या नाक पुसतात. "लबाड होती ती. आमच्याकडून गप्पा मारून घ्यायची आणि आम्हाला वाटायचं, गोष्ट ती सांगतेय." मग धाकट्या मुलाला कोपर मारतात. "तू सांग रे. कुठे अडकला?"

"टोल नाक्यावर!"

मोठा हशा पिकतो. तो ओसरायला वेळ लागतो. कुणी घाई करत नाही.

"हॉलमध्ये चूल पेटवू देत नसतील, नाही का?" वन्सं आपल्याशीच म्हटल्यासारखं म्हणतात. मग झाकणावरचा निखारा सारखा करायला प्रमिला हात पुढे करते आणि त्या तो मध्येच धरतात. "हे काय गो? कुणी धरलं होतं?"

डाव्या मनगटावर काजळीची चार बोटं उमटली आहेत, आतल्या बाजूला अंगठा. प्रमिला आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघते. निजण्याआधी राखेने घासून धुतलेला, स्वच्छ. ती मनगट पदराखाली घेते आणि पुढचं पद उचलते.

बसलात, ऐकलंत, बरं केलंत. आता एक मागणं. कधी चुलीवर, शेगडीवर, गॅसवर काही शिजत असेल आणि भोवती माणसं असतील, तर बनूआत्याची आठवण काढा. देव कुठे अडकला असेल, ते कुणाला तरी विचारा. आणि उत्तर येईपर्यंत झाकण काढू नका.