कॉव्हेंट्रीतला उजवा कौल

अंबरीश परुळेकर कॉव्हेंट्रीतल्या एका विमा कंपनीत जोखीम मोजतो. कोणाचं छप्पर गळेल, कोणाची गाडी कोण ठोकेल, हे त्याला त्या माणसांच्या आधी कळतं आणि त्याबद्दल कंपनी त्याला पगार देते. रविवारी तो कॉव्हेंट्री कॉर्मोरंट्स, म्हणजे आपल्या भाषेत पाणकावळे, या हौशी संघाचा कोच असतो. खेळ अमेरिकन फुटबॉल. ब्रिटनमध्ये फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दुसराच खेळ येतो, त्यामुळे पाणकावळ्यांच्या सामन्यांना खेळाडूंच्या बायका, एकदोन कुत्री आणि अंबरीशची कस्तुरी एवढाच प्रेक्षकवर्ग. कस्तुरी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. ती खेळ बघायला येत नाही, हाडं बघायला येते.

या खेळात चेंडू समोरच्याच्या हद्दीत नेला की सहा गुण मिळतात. त्यानंतर कोचला एक निवड करावी लागते. चेंडू खांबांमधून लाथाडायचा आणि बहुधा एक गुण घ्यायचा; किंवा हद्दीपासून तीन यार्डांवरून पुन्हा एकदा आत घुसायचं आणि दोन घ्यायचे. दुसऱ्यात निम्म्या वेळा हाती काहीच येत नाही. 'एक की दोन?' हा प्रश्न कोचला विचारला जातो तेव्हा उत्तर द्यायला फार वेळ नसतो. इतर कोच अशा वेळी पोटाला विचारतात. अंबरीशकडे प्लास्टिकमध्ये बंद केलेला तक्ता होता. किती गुणांनी मागे, किती वेळ शिल्लक, की उत्तर तयार. त्याचा सहायक कोच ग्लेन, व्यवसायाने प्लंबर, या तक्त्याला 'बायबल' म्हणायचा आणि तितक्याच वेळा उघडून बघायचा, म्हणजे कधीच नाही.

घुसणारा माणूस होता राज, कस्तुरीचा धाकटा भाऊ. तो सांगलीहून मास्टर्स करायला आला, नोकरीला लागला आणि बहिणीच्या वरच्या खोलीत राहिला. सांगलीत तो कबड्डीत चढाईला जायचा.

"कबड्डीत सात जण अंगावर येत्यात दाजी, हितं अकरा," असं त्याने पहिल्याच दिवशी खेळाचं विश्लेषण केलं होतं. "चार जास्त, एवढंच की. आणि हितं दम धरून कबड्डी कबड्डी म्हणायला लागत नाही, ही सवलतच हाय."

एप्रिलातल्या एका सामन्यात तक्त्याने दगा दिला. म्हणजे आकडे असे जुळले की एक घेतला काय, दोन घेतले काय, फरक शून्य. ग्लेन ओरडत होता, "वन ऑर टू, ॲम्बी?" आणि जोखीम मोजणारा माणूस तक्ता उलटा करून मागची कोरी बाजू बघत होता. बाकावर एक जादा हेल्मेट ठेवलेलं असे. काळं, जुनं, कोणाकडून तरी घेतलेल्या सेकंडहँड सामानातून आलेलं. ते कोणाच्याच डोक्याला बसत नसे. अंबरीशने खाली वाकून डेझीच्या दोन ओल्या पाकळ्या तोडल्या आणि त्या हेल्मेटच्या कपाळावर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे.

तळकोकणात हे लहान मुलालाही माहीत असतं. देवळात गुरव देवाला कळ्या लावतो, गावकरी गाऱ्हाणं घालतात, उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, कोर्टकचेरी, सगळं या कौलावर चालतं. परुळ्यात वाढलेल्या अंबरीशला गाऱ्हाण्याची चाल तोंडपाठ होती. फक्त देवाचं नाव घ्यायच्या जागी तो अडला. कॉव्हेंट्रीच्या कडेला कौन्सिलच्या मैदानात कोकणातल्या देवाला बोलावणं त्याला बरं वाटलं नाही. ज्याची जमीन त्याला विचारावं, ही तिकडची रीत. म्हणून तो पुटपुटला, "बा महाराजा, या जागेचा धनी तू जो कोणी असशील, दोन घ्यायचे का, कौल दे. तुझा काय वाटा असेल तो तुला पोचेल."

उजवी पाकळी पडली. राज घुसला. दोन गुण मिळाले.

पुढच्या सामन्यात त्याने गंमत म्हणून पुन्हा विचारलं. डावी पडली, चेंडू लाथाडला, एक गुण, आणि तेवढ्याच एका गुणाने ते जिंकले. त्यानंतर गंमत म्हणून असं कोणी म्हणेना. जूनपर्यंत सगळा संघ बाकाभोवती गोल करून उभा राहू लागला. अंबरीश गाऱ्हाणं घालायचा आणि पोलिश, वेल्श, पंजाबी, अस्सल कॉव्हेंट्रीचे असे चाळीसेक धिप्पाड पुरुष एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" पंचांना वाटायचं, ही संघाची आरोळी आहे. ग्लेनचा उच्चार सगळ्यात शुद्ध होता.

कौल कधीच चुकला नाही. हे योगायोगाने घडण्याची शक्यता किती, हे अंबरीश सुरुवातीला दर रविवारी संध्याकाळी मोजायचा. मग त्याने ते मोजणं बंद केलं.

"का रे?" कस्तुरीने विचारलं.

"ऑफिसात असा आकडा आला की आम्ही म्हणतो, कोणीतरी हात घातलाय."

जुलैच्या कोरड्या आठवड्यात पाकळ्या ओल्या नसतानाही चिकटू लागल्या. मग एका रविवारी राजने चेंडू आत नेला, अंबरीश बाकाकडे वळला, आणि त्याला दिसलं की पाकळ्या आधीच लावलेल्या आहेत. कोणी लावल्या म्हणून विचारलं तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं. वारा नव्हता. उजवी पाकळी अंबरीशने तोंड उघडायच्या आत पडली. हेल्मेटला डोळ्यांवर पारदर्शक काच होती. तिच्यावर आतल्या बाजूने वाफ धरली होती, थंडीत खिडकीशी उभं राहिलं की धरते तशी. अंबरीश पाहत असतानाच ती विरली आणि पुन्हा धरली.

"इथे पूर्वी काय होतं?" त्याने ग्लेनला विचारलं.

"फील्ड."

"त्याआधी?"

ग्लेनने विचार केला. "फील्डच."

त्याच संध्याकाळी त्याने परुळ्याला वडिलांना फोन केला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. अमेरिकन फुटबॉल म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पण तू इचारलंस कोणाक?"

"नाव नाही घेतलं. जो कोणी असशील, असं म्हटलं."

"आणि देतलंय काय म्हणान सांगितलंस?"

"तुझा काय वाटा असेल तो."

वडिलांनी तिकडचा पंखा बंद केल्याचं ऐकू आलं. "असा मोघम बोलूचा नसता रे. नारळ तर नारळ, कोंबो तर कोंबो, आधी सांगूचा असता. आता तोच सांगतलो."

"आणि कौल मोडला तर?"

"ज्याने मोडलो, तो भरतलो," असं म्हणून वडिलांनी फोन सुनेला द्यायला सांगितला आणि तिच्याशी पावसाबद्दल बोलले.

त्या आठवड्यात राजच्या हातातून चहाचा कप पडला. बोटांत मुंग्या येतात, तो म्हणाला. दोन गुणांसाठी घुसताना प्रत्येक वेळी खांद्यातून वीज गेल्यासारखं होतं, आणि प्रत्येक वेळी जरा जास्त. कस्तुरीने त्याचा स्कॅन करवला. मणक्यापासून उजव्या हाताकडे जाणारी नस दुखावली होती.

"अजून एक धक्का बसला तर हा हात गेला," ती म्हणाली. "लिहायचा, जेवायचा, सगळा. कळलं? सीझन संपला तुझा."

"ताई, रविवारी शेवटची मॅच हाय. जिंकलो तर वरच्या डिव्हिजनमध्ये जातोय. तीन यार्डं तर जायचंय."

"तीन यार्डं! खाटेवरून बाथरूम तेवढंच लांब असतं, विचार माझ्या पेशंटना."

तिने त्याचं हेल्मेट स्वतःच्या गाडीच्या डिकीत टाकलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली.

रविवारी राज साध्या कपड्यांत बाकावर बसला. पाणकावळे दिवसभर मागे राहिले आणि अगदी शेवटी, घड्याळात वेळ उरला नसताना, कसेबसे हद्दीत पोचले. आता ते फक्त एका गुणाने मागे होते. एक घेतला तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर गुणतालिकेत वर असलेला समोरचा संघ बढतीवर जाणार, म्हणजे एक घेऊन उपयोग शून्य. तक्ता बघायचीही गरज नव्हती. शाळकरी पोरानेही सांगितलं असतं: दोन.

अंबरीश वळला. राज बाकावरून उठला होता. कोणाकडून तरी घेतलेले पॅड त्याने अंगात चढवले होते, आणि डोक्यावर ते काळं हेल्मेट होतं. कोणालाही न बसणारं ते हेल्मेट त्याला मापाने बनवल्यासारखं बसलं होतं. कपाळावर एकच पाकळी होती, डावी. उजवी त्याच्या बुटावर पडली होती.

"राज, ते काढ," अंबरीश म्हणाला.

राजने हनुवटीखालचा पट्टा आवळला. काचेवर आतून वाफ होती, डोळे दिसत नव्हते. पलीकडून कस्तुरी मैदान तुडवत धावत येत होती आणि संघ गोल करून उभा राहिला होता, गाऱ्हाणं कोणी घातलं नव्हतं तरी. "व्हय म्हाराजा," ते म्हणाले. या वेळी आरोळी नव्हती. खालच्या आवाजात, सगळे मिळून, एखाद्या गोष्टीला मान्यता द्यावी तसे.

राज नाही तर दुसऱ्याला पाठवता आलं असतं. अंबरीशच्या मनात ते आलं. जोखीम दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं हाच त्याचा धंदा. त्याने संघाकडे एकदा पाहिलं. डावीकडून उजवीकडे, एकेका चेहऱ्याकडे. कोणीतरी जाणार, आणि जाणाऱ्याचं काहीतरी राहणार. दोनचा अर्थ एवढाच उरला होता.

"वन ऑर टू?" ग्लेनने विचारलं. रिवाजापुरतं.

"वन," अंबरीश म्हणाला.

"ॲम्बी, वनने आपण हरतो!"

"किक इट, ग्लेन." मग तो बाकाकडे वळून मराठीत बोलला, हळू, पण धावत येऊन पोचलेल्या कस्तुरीला ऐकू येईल इतक्या आवाजात. "कौल मी मोडला. वाटा माझ्याकडून घे. पोरांना हात लावू नकोस."

या निर्णयाच्या बाजूने ना आकडे होते, ना कौल, ना एकही माणूस. ओवेन नावाच्या वेल्श किकरने तोंडातल्या तोंडात शिवी देऊन चेंडू लाथाडला. तो खांबांच्या अगदी मधून गेला. सामना बरोबरीत सुटला, समोरचे नाचू लागले, आणि कस्तुरीने राजच्या डोक्यावरून हेल्मेट उपसून काढलं. राजचे केस कोरडे होते. आपण ते कधी घातलं हे त्याला आठवत नव्हतं. "झाली मॅच? कोण जिंकलं दाजी?" त्याने विचारलं, आणि उत्तर ऐकून त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. उजव्या हातानेही, नीट, पाचही बोटांनी. मुंग्या गेल्या होत्या. पुढच्या स्कॅनमध्ये नस स्वच्छ दिसली. कस्तुरीने रिपोर्ट दोनदा वाचला आणि कोणाला फोन केला नाही.

संघाने अंबरीशला काढलं नाही, कारण रविवारी फुकट उभा राहणारा दुसरा कोच मिळाला नाही. नव्या सीझनला तक्ता परत आला. ग्लेन मात्र त्याच्याशी फारसं बोलत नाही.

अंबरीशचा उजवा हात त्या दिवशी गाडीत बसतानाच जड झाला होता. आता तो टाइप डाव्या हाताने करतो. सगळे स्कॅन झाले. न्यूरॉलॉजीवाले म्हणतात, हात उत्तम आहे. परवा न्याहरीच्या टेबलावर कस्तुरीने त्याच्या तळव्याला पिन टोचून पाहिली. त्याला कळलं नाही.

"बधिर आहे का?" तिने विचारलं. "नुसतं सांग, कसं वाटतं?"

अंबरीशने हाताकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेवरून किंचित पुढे गेला होता, बोटं अर्धवट मिटलेली.

"बधिर नाही गं," तो म्हणाला. "कोणीतरी धरलाय. दुखत नाही. फक्त सोडत नाहीये."